भिलाईतले तंटे आणि तडजोडी

माणसांची भांडणे का लागतात, कशी मिटतात आणि माणसे रोजचे निर्णय कसे घेतात, याचा मानसशास्त्रीय अभ्यास दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दोन-तीन दशकांत झपाट्याने वाढला. भिलाईचे पोलादनगर नेमके याच काळात उभे राहिले. १९५४ साली अमेरिकेत गॉर्डन ऑलपोर्ट यांचा पूर्वग्रहांवरचा ग्रंथ निघाला. त्याच वर्षी ओक्लाहोमा राज्यातल्या एका उन्हाळी शिबिरात मुझफ्फर शेरीफ यांनी बावीस मुलांचे दोन गट पाडून, त्यांच्यात वैर कसे पेटते आणि कसे विझते याचा प्रयोग केला. पुढच्याच वर्षी, २ फेब्रुवारी १९५५ रोजी, भारत आणि सोविएत युनियन यांच्यात भिलाईच्या कारखान्याचा करार झाला. या घटनांचा एकमेकींशी संबंध नव्हता. पण ऑलपोर्ट आणि शेरीफ ज्या प्रश्नांच्या मागे होते, ते प्रश्न भिलाईत हजारो माणसांच्या रोजच्या जगण्यात पुढे यायचे होते, आणि शिबिराप्रमाणे तीन आठवड्यांत ते संपणारेही नव्हते.

करार झाला तेव्हा भिलाई हे दुर्ग जिल्ह्यातले लहानसे गाव होते. मुंबई-हावडा लोहमार्गावरचे स्टेशन एवढीच त्याची बाहेर ओळख. जिल्ह्याचा कारभार तेव्हा नागपूरहून चाले, कारण १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. छत्तीसगडावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल अठराव्या शतकाच्या मध्यापासून १८५४ पर्यंत राहिला. बिंबाजी भोसले रतनपुरात बसून हा मुलूख सांभाळत. त्यामुळे विदर्भातल्या माणसाला दुर्ग-राजनांदगाव परके वाटत नसे. राजनांदगावची कापडगिरणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाली आणि १९२० साली ठाकूर प्यारेलाल सिंह यांच्या नेतृत्वाखाली तिथे मोठा संप झाला. औद्योगिक तंटा ही गोष्ट या भागाला भिलाईच्या आधीपासून ठाऊक होती, ती अशी.

गावातल्या तंट्याची रीत मात्र वेगळी होती. छत्तीसगडी गावात भांडण मिटवायला बैठक बसे. तिला ‘बइठका’ म्हणत. जमिनीचा बांध, उसनवारी, जनावराने खाल्लेले पीक, नवऱ्याला सोडून दुसऱ्याच्या घरी गेलेली बायको, अशा कशावरूनही ती बसे. जातीचा प्रश्न असेल तर जातीचे पंच, गावाचा असेल तर मालगुजार किंवा गावचे वडीलधारे. सतनामी समाजात भंडारी आणि साटीदार हे गावपातळीवरचे मानकरी हे काम पाहत. बैठक लवकर संपत नसे. तेच तेच पुन्हा बोलले जाई, जुनी प्रकरणे उकरून काढली जात, कोणी उठून जाई, कोणी त्याला समजावून परत आणी. शेवटी ‘डांड’, म्हणजे दंड, ठरे आणि चुकलेल्याला समाजात परत घेण्यासाठी भाताची पंगत घालावी लागे. बाहेरून पाहणाऱ्याला हा वेळेचा अपव्यय वाटतो. जॉन थिबो आणि लॉरेन्स वॉकर या अमेरिकन संशोधकांनी १९७५ मध्ये न्यायप्रक्रियेच्या मानसशास्त्रावर जे मांडले, त्यावरून या गुऱ्हाळामागचा हिशेब कळतो. निकाल आपल्या बाजूने लागला की नाही, याइतकेच माणसाला आपले म्हणणे पुरते ऐकून घेतले गेले की नाही याचेही महत्त्व असते, आणि ऐकून घेतले गेले असेल तर हरलेला माणूसही निकाल मानतो. डांड भरणारा माणूस पंगतीत भात वाढून घेई, तेव्हा त्याचे बोलणे गावाने आधी तासन्‌तास ऐकलेले असे.

या पद्धतीचे गोडवे गाताना हात आखडता घ्यावा लागतो. बैठकीत बोलण्याचा हक्क सगळ्यांना सारखा नव्हता. बाईच्या प्रकरणात बाई बहुधा कडेला उभी, आणि खालच्या मानलेल्या जातीचा माणूस वरच्या जातीच्या पंचांपुढे काय बोलणार, हे दोघांनाही माहीत असे. वाळीत टाकण्याची धमकी नेहमी पाठीशी होती. ती किती घातक असते हे महाराष्ट्राला इतके कळले होते की २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला.

बैठक भांडण झाल्यावर बसे. भांडण होऊच नये, झाले तरी तुटेपर्यंत ताणू नये, यासाठी छत्तीसगडाकडे दुसरी एक रीत होती: मितान. दोन माणसे विधिपूर्वक मैत्र जोडतात आणि ते जन्मभर पाळतात. जगन्नाथपुरीचा प्रसाद एकमेकांना भरवून जोडले तर ते ‘महाप्रसाद’, गंगेचे पाणी देऊन जोडले तर ‘गंगाजल’. राखीपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी भोजलीचे, म्हणजे टोपलीत वाढवलेल्या गव्हाच्या पिवळसर रोपांचे विसर्जन होते. ती रोपे एकमेकींच्या कानावर खोचून मैत्र जोडले तर ‘भोजली’. यानंतर मितान एकमेकांचे नाव घेत नाहीत. ‘सीताराम महाप्रसाद’ असा नमस्कार होतो. मितानाची आई ती फूलदाई, बाप तो फूलददा. लग्नकार्यात, मयतीत, अडीअडचणीत मितानाचे घर सख्ख्या नात्यासारखे उभे राहते, आणि पुष्कळदा हे नाते पुढच्या पिढीतही चालते.

यातली खुबी अशी की मितान बहुधा दुसऱ्या जातीतला निवडला जाई. भाऊबंदांत वाटणीचे भांडण ठरलेलेच, जातीत मानपानाचे. ज्याच्याशी वाटून घ्यायचे काही नाही त्याच्याशी नाते जोडले की गावातल्या दोन गटांमध्ये एक आडवा धागा पडे. दोन जातींत वाजले तर मध्ये पडायला कुणाचा तरी महाप्रसाद असे. गटागटांतल्या अशा आडव्या मैत्रीमुळे गटांतले वैर कमी होते, हे सामाजिक मानसशास्त्राने पुढे पुष्कळ अभ्यासांतून दाखवले. छत्तीसगडाने त्याला विधीचे रूप दिले होते, म्हणजे ती मैत्री मर्जीवर सोडली नव्हती.

भिलाईच्या कारखान्यासाठी नव्वदहून अधिक गावांची जमीन संपादनाच्या कक्षेत आली. गावकऱ्यांपुढे रोजच्या निर्णयांपेक्षा फार मोठा निर्णय येऊन पडला: मोबदला घेऊन दुसरीकडे शेत घ्यावे, की कारखान्यात नाव लावावे? सुरुवातीला पुष्कळांनी कारखाना टाळला. ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ जोनाथन पॅरी यांनी १९९३ पासून अनेक वर्षे भिलाई आणि आसपासच्या गावांत राहून अभ्यास केला. त्यांना जुन्या लोकांकडून त्या काळच्या अफवा ऐकायला मिळाल्या. एवढे प्रचंड बांधकाम माणसाचा बळी दिल्याखेरीज उभे राहत नाही, भट्टीलाही बळी लागतो, असे गावोगाव बोलले जाई. शहरी अधिकाऱ्यांनी याला अडाणीपणा म्हटले. पण जोखमीचे मानसशास्त्र मांडताना पॉल स्लोविक यांनी १९८७ मध्ये दाखवले की धोका ओळखीचा नसेल, आपल्या हातात नसेल आणि एका फटक्यात जीव घेणारा असेल, तर माणसाची भीती आकडेवारीने मोजलेल्या धोक्यापेक्षा कितीतरी पटीने मोठी असते. वितळलेल्या लोखंडाची भट्टी या तिन्ही कसोट्यांना उतरते. शिवाय बांधकामावर माणसे खरोखरच मरत होती. अफवेला खतपाणी बाहेरून आणावे लागले नाही.

दुसरे कारण जमिनीचे. डॅनियल कानेमान आणि आमोस ट्वेर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार हातचे जाण्याचे दुःख तेवढेच मिळण्याच्या आनंदापेक्षा भारी पडते. मराठीत ‘हातचे सोडून पळत्याच्या पाठीमागे’ लागू नये असे म्हणतात, ते याच भावनेतून. शेत हातचे होते आणि पगार पळता. १९५० च्या दशकात सरकारी कारखान्याची नोकरी म्हणजे पुढे काय होणार आहे, हे दुर्गच्या शेतकऱ्याने कुठे पाहिले होते? पंधरा-वीस वर्षांत चित्र पालटले. पक्का पगार, घर, कारखान्याच्या वसाहतीतला सेक्टर नऊचा दवाखाना, मुलांची शाळा हे दिसू लागले, तोवर पंजाब, बिहार, आंध्र, केरळ, बंगाल, विदर्भ इथून माणसे येऊन जागा भरल्या होत्या. मग ‘आमची जमीन, आमची नोकरी’ ही मागणी उठली. आधीचा निर्णय तेव्हाच्या माहितीवर शहाणपणाचा होता. बाहेरून आलेल्यांनी मात्र त्याचा अर्थ छत्तीसगडी माणूस आळशी, थोडक्यात समाधान मानणारा, असा लावला. दुसऱ्याच्या वागण्याचे कारण त्याच्या परिस्थितीत न शोधता त्याच्या स्वभावात शोधायचे, या खोडीचे ली रॉस यांनी १९७७ मध्ये केलेले वर्णन भिलाईच्या पहिल्या पिढीला तंतोतंत लागू पडते. ‘छत्तीसगढिया सबले बढिया’ हे पुढे सर्वतोमुखी झालेले वाक्य या हिणवण्याला दिलेले उत्तरही आहे.

कारखाना उभारताना पहिला मोठा मतभेद संभवत होता तो भारतीय आणि रशियन यांच्यात. सोविएत बाजूचे मुख्य अभियंता वेनियामिन दिमशित्स १९५७ ते १९५९ या काळात भिलाईत होते. भाषा वेगळी, दुभाषे मोजके, आणि कामाची रीत तर अगदीच निराळी. रशियन अभियंता बाह्या सावरून स्वतः यंत्रात हात घाली. भारतीय अभियंत्याच्या शिक्षणात आणि संस्कारात हात काळे करणे बसत नव्हते. तरीही ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली, आणि पुढच्या वर्षी ख्रुश्चेव्ह स्वतः ती पाहायला आले. शेरीफ यांच्या शिबिरात दोन भांडखोर गट एकत्र आले ते उपदेशाने नव्हे आणि एकत्र जेवणानेही नव्हे. जेवणात तर त्यांनी एकमेकांवर अन्न फेकले. पाण्याची टाकी बंद पडली, ट्रक चालेना, आणि दोघांनी मिळून हात लावल्याशिवाय काम होईना, तेव्हा ते एकत्र आले. भिलाईत भट्टीची तारीख हीच ती पाण्याची टाकी होती. मैत्रीचे पुतळे, भाषणे आणि १९७२ ची मैत्री बाग हे सगळे नंतरचे.

ऑलपोर्ट यांनी पूर्वग्रह ओसरण्यासाठी चार अटी सांगितल्या होत्या. गटांचा दर्जा त्या ठिकाणी समान हवा, उद्दिष्ट एक हवे, ते गाठायला सहकार्य लागावे आणि वरिष्ठांचा त्याला पाठिंबा हवा. भिलाईच्या कारखान्यात या चारही अटी कुणी ठरवून नव्हे, पण जुळून आल्या. सेक्टरमधली घरे प्रांतावर किंवा जातीवर न देता हुद्द्यावर दिली गेली. एका इमारतीत मल्याळी, शीख, बंगाली आणि विदर्भातला बौद्ध शेजारी शेजारी आले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात झालेल्या धम्मदीक्षेनंतर घर सोडून निघालेल्या तरुणाला, जातीची विचारपूस न करता हजेरी घेणारी नोकरी ही किती मोठी गोष्ट होती, हे वेगळे सांगायला नको.

कोकभट्टी विभागात पूर्वग्रह ओसरण्याचा हा बदल सर्वांत जवळून दिसतो. इथे दगडी कोळसा हवाबंद उभट कोठड्यांत हजार अंशांपेक्षा अधिक तापमानावर सोळा-अठरा तास भाजून कोक तयार करतात. कोठड्यांच्या माथ्यावर काम करणाऱ्याच्या पायाखालची फरशीच तापलेली असते, म्हणून लाकडी तळव्याची पादत्राणे घालतात. झाकण उघडले की आग आणि पिवळट धूर तोंडावर येतो. या जागी पाळीचे आठ तास कोणीच सलग काढू शकत नाही. माणसे आपसांत वाटून घेत: काही जण माथ्यावर, बाकीचे खाली विसाव्याच्या खोलीत, मग अदलाबदल. कोणी उशिरा येणार असेल तर दुसरा त्याचे सांभाळी, आणि हिशेब लक्षात राही. ही वाटणी कोणत्याही नियमपुस्तकात नव्हती. पॅरी यांना असे दिसले की या गटांत जातीची आणि प्रांताची सरमिसळ असे, डबे एकत्र उघडत, चेष्टामस्करी कुठल्याही थराला जाई आणि सहसा कोणी ती मनावर घेत नसे. गावी सोवळे पाळणारा माणूसही पाळीवर ते बाजूला ठेवी.

वर्षानुवर्षे तेच चेहरे समोर असले की माणूस आज फसवून उद्याचे बिघडवत नाही. रॉबर्ट ॲक्सेलरॉड या राज्यशास्त्रज्ञाने १९८४ मध्ये संगणकावर खेळलेल्या डावांच्या आधारे हेच मांडले: पुन्हा पुन्हा गाठ पडणार असेल, आणि किती वेळा हे ठाऊक नसेल, तर स्वार्थी माणसेसुद्धा एकमेकांना सांभाळून घेतात. मितानाचे नाते जन्मभराचे, पोलाद कारखान्याची पक्की नोकरी तीसेक वर्षांची. दोन्हींत भांडण ताणून धरणे महाग पडते. भिलाईच्या इतिहासात मानसशास्त्राच्या कल्पना कुठे लागू पडल्या आणि कुठे हात टेकले, हे पाहायचे तर ही एक गोष्ट धरून चालावे: पुढचा काळ दोघांचा सामाईक होता का?

ऑलपोर्टच्या चार अटींनी सगळे उलगडते असे मात्र समजू नये. रुरकेलाचा पोलाद कारखानाही सरकारी, त्याच काळात, जर्मनांच्या मदतीने बांधलेला, तिथेही सर्व प्रांतांचे लोक. मार्च १९६४ मध्ये पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या गाड्या तिथून जाऊ लागल्या आणि शहरात मुसलमानांविरुद्ध भीषण दंगल उसळली. भिलाईत तसे घडले नाही. पॅरी आणि ख्रिश्चन स्ट्रुंपेल यांनी दोन्ही शहरांची तुलना केली, ती वाचताना स्थानिक राजकारण, भूमिपुत्रांच्या नोकऱ्यांचा वाद आणि राज्याची अस्मिता यांचे वजन जाणवते. कारखान्याच्या आतली सलगी बाहेर आपोआप झिरपत नाही.

व्यवस्थापन आणि कामगार यांच्यातला वाद ही वेगळी गोष्ट. भारतात या वादाकडे मानसशास्त्राच्या नजरेने पाहण्याची सुरुवात अहमदाबादेत झाली. १९४७ साली स्थापन झालेल्या ‘अटिरा’ या वस्त्रोद्योग संशोधन संस्थेत कमला चौधरी यांनी मानसशास्त्र विभाग उभा केला. १९५३ पासून लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस यांनी कॅलिको मिलमध्ये स्वयंचलित मागांवर प्रयोग केले. प्रत्येक कामगाराला एकेक काम नेमून देण्याऐवजी ठरावीक मागांचा संच एका लहान गटाकडे सोपवला आणि कामाची वाटणी गटालाच करू दिली. उत्पादन वाढले, खराब कापड घटले. भिलाईच्या कोकभट्टीतली वाटणी या धर्तीची होती, एवढेच की तिथे कुणी लंडनहून येऊन सांगितले नव्हते.

या साऱ्या शास्त्रावर एक आक्षेप जुनाच आहे आणि तो खरा आहे. एल्टन मेयो यांच्या हॉथॉर्न कारखान्यातल्या अभ्यासापासून पुढे आलेल्या ‘मानवी संबंध’ विचाराने पुष्कळदा पगाराच्या प्रश्नाला मनःस्थितीचा प्रश्न ठरवले. कामगाराला ऐकून घेणारा साहेब हवा असतो हे खरे, पण त्याला वाढही हवी असते. त्यामुळे पोलाद उद्योगात खरा फरक पडला तो ऑक्टोबर १९६९ मध्ये नेमलेल्या संयुक्त वेतन वाटाघाटी समितीने. प्रमुख केंद्रीय कामगार संघटना आणि सरकारी-खासगी पोलाद कारखान्यांचे व्यवस्थापन एका मेजाभोवती बसले. १९७० मध्ये पहिला करार झाला, आणि पुढे हीच समिती ‘एनजेसीएस’ या नावाने ओळखली जाऊ लागली. निर्णय मतदानाने नव्हे, सर्वसंमतीने घ्यायचा असा प्रघात पडला. एकमेकांचे हाडवैरी असलेले संघ व्यवस्थापनासमोर एक मागणी घेऊन येऊ लागले. वाटाघाटीच्या मानसशास्त्रात पहिल्या आकड्याला फार महत्त्व आहे, कारण पुढची सगळी घासाघीस त्याच्याभोवती फिरते. संघटना म्हणूनच मोठा आकडा टाकत आणि व्यवस्थापन तोट्याचा ताळेबंद. पण प्रत्येक करारानंतर तीच माणसे काही वर्षांनी पुन्हा समोर येणार होती, म्हणून कोणी दुसऱ्याला पुरता उघडा पाडत नसे.

या मेजावर ज्यांना खुर्ची नव्हती ते भिलाईपासून दक्षिणेला सुमारे नव्वद किलोमीटरवर, दल्ली-राजहऱ्याच्या लोहखाणीत होते. भिलाईच्या भट्ट्यांना खनिज इथून जाई. ते हाताने फोडून, निवडून, ट्रकमध्ये भरणारे हजारो मजूर कंत्राटदारांचे होते. १९७७ मध्ये त्यांनी प्रस्थापित संघटना सोडून छत्तीसगड माइन्स श्रमिक संघ काढला आणि शंकर गुहा नियोगी यांना नेता केले. नियोगी मूळचे बंगाली. भिलाईच्याच कोकभट्टी विभागात ते कामाला होते, आंदोलनात पडल्यामुळे नोकरी गेली. पावसाळ्यापूर्वी झोपडी शाकारण्यासाठी मिळणाऱ्या भत्त्यावरून वाद पेटला. २ जूनच्या रात्री पोलिसांनी नियोगींना उचलले. मजुरांवर झालेल्या दोन दिवसांच्या गोळीबारात अकरा जण मेले. भत्ता किती लहान आणि किंमत किती मोठी, असे पाहणाऱ्याला वाटते. पण भत्त्याची बोलणी होऊन मान्यता मिळाली होती आणि मग ती नाकारली जात होती. दिलेले परत घेतले जाणे, हे मुळात न मिळण्यापेक्षा अधिक झोंबते.

गोळीबारानंतरची वर्षे मानसशास्त्राच्या दृष्टीने भिलाई परिसराच्या इतिहासातली सर्वांत समृद्ध म्हणावी लागतील. व्यवस्थापनाला दल्लीत पूर्ण यांत्रिकीकरण हवे होते, संघाला माणसांचे काम टिकवायचे होते. मेरी पार्कर फॉलेट यांनी १९२५ मध्ये न्यूयॉर्कच्या एका व्याख्यानात मतभेद मिटवण्याचे तीन मार्ग सांगितले होते: एकाने दुसऱ्यावर मात करणे, दोघांनी थोडे थोडे सोडणे, आणि दोघांना नेमके काय हवे आहे ते उकलून दोन्ही गरजा भागतील असा तिसरा मार्ग काढणे. त्यांचे उदाहरण ग्रंथालयातल्या खिडकीचे होते. एकाला ती उघडी हवी, दुसऱ्याला बंद, आणि शेवटी शेजारच्या खोलीतली उघडली गेली, कारण एकाला हवा पाहिजे होती आणि दुसऱ्याला अंगावर वारा नको होता. नियोगींच्या संघाने अर्ध-यांत्रिकीकरणाची योजना मांडली. यंत्राने होणारी कामे यंत्राने, फोडणे-निवडणे माणसांनी. खनिजाचा दर्जा हाताने निवडल्याने चांगला राहतो आणि खर्चही आवाक्यात राहतो, हे संघाने आकडे मांडून पटवले. व्यवस्थापनाला खनिज हवे होते, मजुरांना रोजगार. दोन्ही मागण्या एकमेकींच्या आड येत नव्हत्या, यंत्र आले की माणूस गेला या गृहीतकाने त्या आड आणल्या होत्या.

दुसरी गोष्ट दारूची. मजुरी वाढली तशी राजहऱ्यात दारूची विक्री वाढली आणि वाढलेला पैसा घरी पोहोचेना. संघाने दारूबंदीची मोहीम हाती घेतली. इथे लक्षात घेण्यासारखे हे की व्याख्याने, भित्तिपत्रके, डॉक्टरांचे इशारे यांवर ती विसंबली नाही. मोहल्ल्या-मोहल्ल्यांत सभा झाल्या, स्त्रिया पुढे होत्या, आणि पुरुषांनी आपल्या लोकांसमोर शपथ घेतली. कुर्ट लेविन यांनी युद्धकाळात अमेरिकेत गृहिणींवर केलेला प्रयोग इथे आठवतो. काळीज, मूत्रपिंड असे न खपणारे मांस वापरा, असे व्याख्यानातून सांगितलेल्या बायकांपैकी शंभरात तीन जणींनी ते वापरले. आपसांत चर्चा करून हात वर करून ठरवणाऱ्यांपैकी बत्तीस जणींनी. एकट्याचा निर्णय मोडायला एकट्याचा मोह पुरतो, गटाचा निर्णय मोडायला शेजाऱ्याची नजर चुकवावी लागते. राजहऱ्यातले मजूर खाणीतच नव्हे तर वस्तीतही शेजारी होते, हे यशाचे मोठे कारण. याच संघाच्या बळावर ३ जून १९८३ रोजी शहीद रुग्णालय सुरू झाले. त्याच्या नावातले शहीद म्हणजे १९७७ च्या गोळीबारात मेलेले मजूर.

१९९० मध्ये नियोगींचे काम भिलाईच्या खासगी कारखान्यांकडे वळले. पोलाद कारखान्याच्या छायेत वाढलेल्या या उद्योगवसाहतीत बहुतेक कामगार कंत्राटी होते, वर्षानुवर्षे तेच काम करूनही कायम नव्हते. मागण्या साध्या होत्या: कायम करा, जगण्यापुरती मजुरी द्या, संघटना माना. बोलणी झालीच नाहीत म्हटले तरी चालेल. शेकडोंना कामावरून काढले गेले. दोन्ही बाजूंनी माघारीची किंमत दर महिन्याला वाढत गेली. एकदा गुंतवलेले वाया जाऊ नये म्हणून माणूस आणखी गुंतवत जातो, ही बॅरी स्टॉ यांनी १९७६ मध्ये प्रयोगातून दाखवलेली प्रवृत्ती औद्योगिक लढ्यांत फार दिसते. मुंबईचा १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला गिरणी संप याच वळणावर कधीच अधिकृतपणे न मिटता विरत गेला. भिलाईत प्रकरण याहून वाईट थराला गेले. २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे नियोगी झोपेत असताना त्यांना गोळी घालून मारण्यात आले. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २००५ मध्ये गोळी झाडणाऱ्याला शिक्षा झाली. त्याच्या कितीतरी आधी, १ जुलै १९९२ रोजी, भिलाईच्या पॉवर हाउस स्टेशनात याच मागण्यांसाठी रुळांवर बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला. पंधराहून अधिक कामगार ठार झाले.

फॉलेट यांची खिडकी इथे उपयोगी पडली नाही, कारण खिडकी कुणी उघडायची हे ठरवण्याची ताकद एकाच बाजूकडे होती. समजूतदारपणाच्या तंत्रांना समोरच्याची गरज असावी लागते. दल्लीत संप झाला तर भिलाईच्या भट्ट्यांना खनिज मिळत नसे, म्हणून व्यवस्थापन मेजावर आले. खासगी कारखान्यात एका कंत्राटी मजुराच्या जागी दुसरा फाटकाबाहेर उभाच होता.

पुढे मोठ्या कारखान्यातही तेच होत गेले. १९८० च्या दशकात साठ हजारांच्या पुढे गेलेली कायम कामगारांची संख्या पुढच्या पाव शतकात निम्म्यावर आली. निवृत्त झालेल्यांच्या जागा भरल्या गेल्या नाहीत. त्यांची कामे कंत्राटी मजूर करू लागले. पाळीच्या विसाव्याच्या खोलीत आता दोन प्रकारची माणसे असतात, आणि डबे वेगळे उघडतात. जातीने आणि प्रांताने न पडलेली रेघ पगाराने पाडली. पॅरी यांच्या २०२० मध्ये आलेल्या ‘क्लासेस ऑफ लेबर’ या ग्रंथाचा मुख्य विषय हीच रेघ आहे. पक्क्या नोकरीवाल्याचा मुलगा आणि कंत्राटी मजुराचा मुलगा एका गावातले असले तरी त्यांची शाळा, लग्न आणि पुढचे आयुष्य वेगळ्या वाटेने जाते. कंत्राटदार बदलला की मजूरही बदलतो, म्हणून त्याला सांभाळून घेण्याचा हिशेब कुणाच्या लक्षात राहायचे कारण उरत नाही.

मेजावरचा प्रघातही टिकला नाही. १ जानेवारी २०१७ पासून लागू व्हायचा वेतनकरार चार वर्षांहून अधिक काळ रखडला. जून २०२१ मध्ये भिलाईसह सरकारी पोलाद कारखान्यांत संप झाला, आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये समझोता झाला तो सर्वसंमतीने नव्हे, बहुमताने. दोन संघटनांनी सही केली नाही.